बाण किती अंतरावरून सोडावा, आणि लागल्यावर माग कधी धरावा

प्रश्न असा आला आहे: "कंपाउंड (चाकं-तारांच्या आधुनिक) धनुष्यावर ५० मीटरपर्यंत माझे बाण ताटलीएवढ्या गोलात बसतात. या हंगामात ४२ मीटरवर आडव्या उभ्या असलेल्या हरणावर बाण सोडला. नेम खांद्यामागे धरला होता, पण बाण मागे, पोटात लागला. आरपार गेलेल्या बाणावर हिरवट-तपकिरी घाण होती. वीस मिनिटांनी मागावर गेलो. दोनशे मीटरवर हरीण बसल्या जागेवरून उठून पळालं, पुढे रक्त संपलं. दोन दिवस शोधलं, मिळालं नाही. चुकलं काय? योग्य अंतर किती? माझ्याकडे अजून एक टॅग (एक जनावर मारायचा परवाना) उरला आहे."

दोन दिवस शोधलंत आणि मग काही न लपवता लिहिलंत, यासाठी आधी तुमचे आभार. हरवलेल्या जनावराबद्दल आपल्यात फार कमी बोललं जातं, त्यामुळे तीच चूक प्रत्येकाला स्वतः करून शिकावी लागते आणि तिची किंमत जनावर भरतं. मी हे गेली बरीच वर्षं करतो आहे आणि माझ्या नावावरही न सापडलेली जनावरं आहेत. त्यातली दोन मी आजही जागेसकट सांगू शकतो.

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग दिसतात, अंतर आणि माग. माझ्या लेखी दोन्हींचं मूळ एकच आहे: तुम्ही मीटर मोजलेत, वेळ मोजला नाहीत. बाण सुटण्यापूर्वी सेकंदाच्या दशांशांचा हिशेब करायचा असतो आणि बाण लागल्यावर तासांचा.

आधी दशांश. चांगल्या कंपाउंडवरून बाण साधारण सेकंदाला ८५ मीटरने सुटतो. हवेत थोडा मंदावतो, म्हणून सरासरी ८३ धरू. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरने जातो. म्हणजे दोरीचा आवाज हरणाच्या कानावर बाणाच्या खूप आधी पोचतो. २० मीटरवर बाणाला ०.२४ सेकंद लागतात आणि आवाजाला ०.०६. हरणाच्या हातात ०.१८ सेकंद उरतात. ३० मीटरवर ते ०.२७ होतात, ४० मीटरवर ०.३६.

आता हरीण या वेळात काय करतं ते पाहा. पळण्यासाठी त्याला उडी घ्यायची असते, आणि उडीसाठी आधी पाय दुमडून अंग खाली टाकावं लागतं. स्प्रिंग दाबल्याशिवाय उसळत नाही, तसंच. बाण चुकवायची अक्कल त्याला नसते, पळायची तयारी म्हणून ते दबतं आणि बाण वरून जातो. दचकून स्नायू हलायला एक दशांश सेकंद लागतो असं धरा. उरलेल्या वेळात अंग नुसतं गुरुत्वाकर्षणाने किती खाली येईल, हे शाळेतल्या सूत्राने काढता येतं. २० मीटरवर सुमारे ३ सेंटिमीटर, ३० मीटरवर १४ सेंटिमीटर आणि ४० मीटरवर जवळजवळ ३४ सेंटिमीटर. अंतर दुप्पट झालं आणि दबणं दहापट! प्रत्येक हरीण प्रत्येक वेळी एवढं दबतं असं नाही. काही जागची हलतही नाहीत. पण कोणतं दबेल ते आधी कळत नाही, आणि हरणाचा हृदय-फुप्फुसांचा भाग जेमतेम २० ते २५ सेंटिमीटरच्या गोलात मावतो. नेम अगदी मध्यावर धरलात तरी चूक खपण्याची जागा वर-खाली १०-१२ सेंटिमीटर. ३० मीटरवर आपण त्या काठावर असतो. ४० मीटरवर काठ कधीच मागे पडलेला असतो.

हे झालं आवाजाने दचकलेल्या जनावराचं. न दचकलेलं जनावरही स्थिर नसतं. चरत चरत हळू चालणारं हरीण सेकंदाला साधारण एक मीटर सरकतं. तुमच्या ४२ मीटरवर बाण अर्धा सेकंद हवेत होता. त्या अर्ध्या सेकंदात हरणाने एक पाऊल टाकलं, किंवा दबताना पुढचं अंग वळवलं, तर खांद्यामागे धरलेला नेम थेट कोठ्यावर येतो. तुमचं नेमकं हेच झालं असावं. नेम चुकला नव्हता हे तुम्ही म्हणता ते मला पटतं. बाण तुम्ही सोडला तेव्हा जनावर जिथे होतं तिथेच गेला, फक्त तोवर जनावर तिथे नव्हतं. म्हणून "माझे बाण ५० मीटरवर ताटलीत बसतात" हे वाक्य निशाणपाटीपुरतं खरं आहे. पाटीला कान नसतात आणि पायही नसतात.

रिकर्व्ह किंवा लाँगबो, म्हणजे चाकं नसलेली साधी धनुष्यं, वापरणाऱ्यांसाठी हिशेब आणखी कडक होतो. सेकंदाला ५५ मीटरचा बाण २० मीटरवर पोचेपर्यंत हरणाला ०.३० सेकंद मिळतात, म्हणजे कंपाउंडच्या ३३-३४ मीटरएवढे. त्यांच्या बाजूने एक गोष्ट असते. ही धनुष्यं बहुधा शांत असतात, आणि जड बाणाने कुठलंही धनुष्य आणखी शांत होतं. हलका बाण वेगवान असतो पण दोरीची उरलेली ताकद आवाजात जाते. वेगाच्या मागे लागून बाण हलका करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की वेगाने आवाजाला कधीच गाठता येणार नाही, आवाज कमी करणं मात्र हातात आहे.

मग माझं अंतर किती? चटकन दचकणाऱ्या हरणावर कंपाउंडने २५ मीटर, तेही जनावर निवांत असेल तर. डोकं वर, कान तुमच्याकडे, अंग ताठ असं उभं असेल तर २० मीटरवरही मी दोरी सोडत नाही. एल्कसारख्या मोठ्या जनावराची छाती हरणाच्या दीडपटीहून मोठी असते, तिथे थोडं पुढे जाता येतं. रिकर्व्हने मी १५ मीटरच्या पुढे जात नाही. हे माझे आकडे आहेत, तुमचे वेगळे निघू शकतात. पण ते काढायची रीत सांगतो, कारण बहुतेक जण ती चुकीची वापरतात.

सरावाला गेल्यावर तिसाव्या बाणापर्यंत अंग मोकळं झालेलं असतं आणि मग जमलेले बाण पाहून आपण अंतर ठरवतो. शिकारीत तिसावा बाण नसतो. चार तास थंडीत न हलता बसल्यावर सोडलेला पहिला आणि एकमेव बाण असतो. तेव्हा महिनाभर रोज फक्त एक बाण सोडा. अंग तापवायचं नाही. शिकारीचे कपडे घालून, मचाणावरून मारणार असाल तर उंचावरून, आणि थोडं धावून छाती धडधडत असताना सोडा. पुढे शिकारीला वापरणार तेच ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं टोक) लावा, सरावाची टोकं नकोत, कारण दोन्ही एकाच जागी जातातच असं नाही. प्रत्येक बाण वहीत लिहा. ज्या अंतरावर असे सलग दहा पहिले बाण १५ सेंटिमीटरच्या गोलात बसले, ते तुमचं धनुर्धर म्हणून अंतर. पाटीवर ५० मीटर मारणाऱ्या माणसाचं हे अंतर बहुतेक वेळा ३०-३५ निघतं. माझं पहिल्यांदा मोजलं तेव्हा २८ निघालं होतं आणि मला फार वाईट वाटलं होतं. जनावराचं अंतर आणि तुमचं अंतर यातलं जे कमी, ते त्या दिवसाचं अंतर. वारा असेल, उजेड कमी होत आला असेल, हात गारठले असतील तर त्यातूनही वजा करायचं.

अंतर मोजताना होणारी चूकही लांबवर महाग पडते. हरीण २० मीटरवर आहे समजून मारलं आणि ते २५ वर असलं तर बाण सुमारे ९ सेंटिमीटर खाली लागेल, छातीतच राहील. तीच ५ मीटरची चूक ४० मीटरवर सुमारे १६ सेंटिमीटरची होते. रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) असला तरी जनावर मोजल्यानंतर चार पावलं चालतं आणि घाईत पुन्हा मोजायला वेळ नसतो. म्हणून बसल्या जागेभोवतीची झाडं आणि दगड आधीच मोजून ठेवावेत. आणखी एक लक्षात ठेवा. बाण कमानीने जातो. तुमच्या आणि जनावराच्या मधोमध, डोळ्यांच्या रेषेच्या वर लोंबणारी फांदी तुम्हाला अडथळा वाटत नाही, पण बाण नेमका तिथूनच जातो.

कोनाबद्दल थोडक्यात, कारण तुमचं जनावर आडवं होतं आणि तिथे तुमची चूक नव्हती. आडवं उभं, किंवा किंचित पाठमोरं तिरकं, एवढ्या दोनच स्थिती मला मान्य आहेत. तिरकं असेल तेव्हा जवळच्या बाजूला बाण कुठे शिरेल याऐवजी पलीकडच्या पुढच्या पायाजवळ कुठून बाहेर पडेल याचा नेम धरावा. समोरून, मागून, किंवा मचाणाच्या बरोबर खाली असलेल्या जनावरावर बाण सोडू नये. सरळ खाली मारलेला बाण बहुधा एकच फुप्फुस छेदतो, आणि एका फुप्फुसावर हरीण किलोमीटरभर जाऊ शकतं.

शरीराबद्दल एक गैरसमज मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. बाण वरच्या बाजूला लागला, आरपार गेला, रक्त थोडं आलं आणि हरीण गेलं, की लोक म्हणतात, "पाठीचा कणा आणि फुप्फुसं यांच्यामधल्या पोकळीतून गेला." अशी पोकळी नसते. फुप्फुसं थेट कण्याला भिडलेली असतात. खरी गोष्ट अशी की खांद्याजवळ कण्याच्या मणक्यांना वर उंच हाडांचे काटे असतात, त्यामुळे पाठीची रेषा दिसते त्याच्या बऱ्याच खाली कणा असतो. तो बाण कण्याच्या वरून, नुसत्या मांसातून गेलेला असतो. दबलेल्या हरणाला लागलेले बाण असेच वर लागतात. म्हणून मी नेम छातीच्या मध्यावर धरतच नाही, खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, हृदयाच्या वरच्या टोकावर धरतो. हरीण हललं नाही तर हृदय, दबलं तर फुप्फुसं. हा एक बदल तुम्ही उद्यापासून करू शकता.

आणि पातं. माझा २७ ग्रॅमचा बाण ८५ मीटर वेगाने जातो तेव्हा त्यात १०० जूलही ऊर्जा नसते. शिकारीच्या रायफलच्या गोळीत ती ३,००० जूलच्या वर असते. गोळी धक्क्यानेही इजा करते, बाण फक्त कापतो. जनावर रक्तस्रावाने मरतं, आणि तो किती लवकर होईल हे धारेवर ठरतं. स्वच्छ कापलेली रक्तवाहिनी फाटलेल्या वाहिनीपेक्षा उशिरा बंद होते. सरावात मातीत गेलेलं पातं पुसून पुन्हा भात्यात घालणारे मी पाहिले आहेत. तसं करू नका. हातावरचे केस सहज निघतील इतकी धार नसेल तर ते पातं जनावरासाठी नाही.

आता तासांकडे येतो. तुमचं हरीण खरं इथे हरवलं.

बाण लागल्यानंतरची पहिली मिनिटं हलायचं नाही. दुसरा बाण दोरीला लावायचा. जनावर टप्प्यात थांबलं आणि मारता येत असेल तर लगेच मारायचं. आधी सांगितलेले कोनांचे नियम घायाळ जनावराला लागू नाहीत, त्याचा त्रास थांबवणं एवढंच तेव्हा महत्त्वाचं. ते नजरेआड गेलं की डोळे मिटून ऐका. फांद्या मोडण्याचा आवाज, पडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. मग तीन गोष्टी मनात पक्क्या करा: बाण लागला तेव्हा ते कुठे उभं होतं, शेवटचं कुठे दिसलं, आणि घड्याळात किती वाजले. मचाणावरून उतरलं की सगळं वेगळं दिसतं, म्हणून उतरण्यापूर्वीच होकायंत्राने किंवा फोनवर दिशा घ्या.

जनावर लागल्या क्षणी बरंच काही सांगतं. मागचे पाय झाडून सुसाट पळालं तर बहुधा हृदय किंवा फुप्फुस. पाठ कमानीसारखी वाकवून, पोट आवळून, चालत किंवा दुडक्या चालीने गेलं तर यकृत किंवा पोट. तुमचं कसं गेलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला वाटतं ते पाठ वाकवूनच गेलं असणार. शेपूट वर होती की खाली यावर मात्र काही ठरवू नका, माझा त्यावर कधीच विश्वास बसलेला नाही.

नंतर बाण. तो उचलून पाहा आणि वास घ्या. गुलाबी, फेसाळ, बारीक बुडबुड्यांचं रक्त म्हणजे फुप्फुस. लालभडक आणि भरपूर म्हणजे हृदय किंवा मोठी वाहिनी. गडद, काळपट तांबडं म्हणजे यकृत. हिरवट-तपकिरी घाण, चघळलेल्या गवताचे कण आणि आंबूस दुर्गंधी म्हणजे कोठा किंवा आतडं. लालभडक पण पाचपन्नास मीटरवर कमी होत जाणारं रक्त असेल तर बाण मांसातून गेल्याची शक्यता जास्त. जमिनीवर पडलेले केसही पाहा. पांढरे, लांब केस पोटाखालचे असतात. काळसर, जाड केस पाठीचे.

तुमच्या हातात त्या दिवशी उत्तर होतं. हिरवी घाण पाहिल्यावर करायचं एकच काम असतं: आल्या वाटेने, आवाज न करता परत जाणं आणि निदान आठ ते बारा तास न येणं. संध्याकाळी मारलं असेल तर सकाळी. पोटात बाण लागलेलं हरीण सहसा लांब जात नाही. दोनशे-तीनशे मीटरवर दाट झुडपात किंवा पाण्याजवळ बसतं, कारण त्याला बरं वाटत नसतं आणि मागे कुणी लागलेलंही नसतं. कुणी उठवलं नाही तर तिथेच मरतं. तुम्ही वीस मिनिटांनी गेलात, त्याने तुम्हाला पाहिलं, आणि मग भीतीच्या जोरावर ते किती गेलं असेल सांगता येत नाही. पोटाच्या जखमेतून रक्त बाहेर फारसं पडतही नाही, आतडी किंवा चरबी भोकात अडकून ते बंद होतं. म्हणून पुढे माग संपला.

यकृताला चार ते सहा तास द्यावे लागतात. दोन्ही फुप्फुसं किंवा हृदय असेल तर जनावर दहा-पंधरा सेकंदांत, शंभर-दीडशे मीटरच्या आत पडतं. तरीही मी अर्धा तास थांबतो, कारण माझं पाहणं चुकलेलं असू शकतं आणि मेलेल्या जनावराला त्या अर्ध्या तासाने काही फरक पडत नाही. एका फुप्फुसाची खूण सगळ्यात फसवी. सुरुवातीचं रक्त उत्तम असतं, आपण आनंदाने निघतो आणि जनावर पुढेच राहतं. माझं एक हरीण असंच गेलं. मचाणाच्या जवळजवळ खाली असताना मारलं होतं, बाणावर फेसाळ रक्त होतं, म्हणून चाळीस मिनिटांनी निघालो. तीन वेळा त्याला उठवलं. तिसऱ्यांदा ते ओढा ओलांडून गेलं आणि नंतर मला कधीच दिसलं नाही. त्यानंतर शंका असली की मी जास्तीत जास्त वाईट शक्यता धरून थांबतो.

लोक दोन कारणं सांगून लवकर निघतात: मांस खराब होईल, आणि पाऊस येईल. उकाड्यात मांस खराब होतं हे खरं आहे. पोटात बाण असताना तर लवकरच. पण उठवून हरवलेल्या जनावराचं मांसही मिळत नाही आणि ते जनावर दिवसभर तडफडतं. म्हणून उकाडा असताना मी स्वतःचं अंतर आणखी कमी करतो, थांबण्याचे तास कमी करत नाही. पावसाचंही तसंच. पोटाच्या जखमेत रक्ताचा माग मुळातच थोडा असतो, तो वाहून गेल्याने फार बिघडत नाही. जनावर कुठल्या दिशेला आणि कुठल्या झाडीत गेलं हे माहीत असणं जास्त मोलाचं. चांगला फुप्फुसाचा बाण आणि समोर पाऊस असेल तर मात्र निघावं.

माग काढताना दोनच माणसं, जास्तीत जास्त तीन. एक जण शेवटच्या रक्ताच्या थेंबावर उभा राहतो आणि दुसरा पुढचा थेंब शोधतो. पुढचा मिळेपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. मागावरून चालू नका, त्याच्या बाजूने चाला, नाहीतर तुमच्याच बुटांना लागून रक्त सगळीकडे जातं. प्रत्येक थेंबाजवळ कागदाचा तुकडा ठेवत गेलात की मागे वळून पाहिल्यावर दिशा आपोआप दिसते. फक्त जमीन बघू नका. गवताच्या पात्यांच्या खालच्या बाजूला, कमरेएवढ्या झुडपांवर घासलेलं रक्त असतं, आणि त्या उंचीवरून जखम किती वर आहे ते कळतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना रक्त असेल तर बाण आरपार गेला आहे. लालसर पानावरचा डाग रक्ताचा की पानाचाच, अशी शंका आली तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा फवारा मारा. रक्त असेल तर फेस येतो. माग संपला की उतावीळपणे इकडे-तिकडे फिरू नका. शेवटच्या थेंबावरून जनावराच्या रोजच्या वाटा, पाणी आणि दाट झाडी आधी पाहा, आणि मग पट्टे आखून, ओळीने, सगळा भाग चाळा.

पण हे सगळं करून थकण्यापूर्वी कुत्रा बोलवा. तुमच्या लिहिण्यात कुत्र्याचा उल्लेख नाही, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ त्याची वाटली. जर्मनीत घायाळ जनावराच्या मागासाठी हॅनोव्हेरियन आणि बव्हेरियन हाउंड या जाती खास पाळल्या आणि घडवल्या गेल्या, आणि तिथे जखमी जनावर शोधणं हा शिकारीचाच भाग मानला जातो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांतही दोरीला बांधलेला मागाचा कुत्रा वापरता येतो. चांगला कुत्रा रक्तावर अवलंबून नसतो. हरणाच्या खुरांच्या बेचक्यातल्या ग्रंथींचा वास प्रत्येक जनावराचा वेगळा असतो, आणि कुत्रा कळपातून नेमकं ते एक जनावर धरून राहतो. बारा-पंधरा तासांच्या, पाऊस पडून गेलेल्या मागावर मी कुत्र्याला जनावरापर्यंत पोचताना पाहिलं आहे. त्याचं काम अवघड होतं ते आपण दहा जण मिळून जागा तुडवल्यावर. हंगाम सुरू होण्यापूर्वीच आपल्या भागात असा कुत्रा कुणाकडे आहे, कायदा काय म्हणतो, आणि शेजारच्या जमिनीत जायची परवानगी कोण देईल, हे लिहून ठेवा. घायाळ जनावर कुंपण ओलांडून गेलं म्हणून बहुतेक ठिकाणी विनापरवानगी मागे जाता येत नाही, आणि रात्री दहा वाजता फोन नंबर शोधत बसणं फार क्लेशाचं असतं.

जनावर पडलेलं दिसलं तर पाठीमागून, हळू जा. डोळे उघडे आणि निस्तेज असतील तर मेलेलं आहे. डोळे मिटलेले असतील तर सावध व्हा, आणि दुसरा बाण तयार ठेवा. लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून पापणी हलते का ते पाहिल्याशिवाय शिंगांजवळ जाऊ नका.

असं हरवणं किती वेळा होतं, हेही तुम्हाला कळायला हवं. अमेरिकेत मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर अनेक हंगाम नोंदी ठेवून अभ्यास झाला. आधुनिक धनुष्यांनी बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के सापडली नाहीत. पाचातलं एक, जवळजवळ. हा आकडा मी नव्या माणसांपासून लपवत नाही. उत्तर कॅलिफोर्नियात १९११ मध्ये बाहेरच्या जगासमोर आलेला, 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा इशी आठवतो. त्याच्याकडून धनुष्याची शिकार शिकलेल्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरने लिहून ठेवलं आहे की इशी बोटांवर ओठ दाबून संकटात सापडलेल्या सशासारखा आवाज काढायचा आणि जनावरांना जवळ बोलवायचा. लांब मारण्यापेक्षा जवळ आणणं, हे मूळ कसब. आजची धनुष्यं ८० मीटरवर पाटी फोडतात म्हणून हरणाचे कान मंद झालेले नाहीत.

राहिला तुमचा टॅग. बऱ्याच ठिकाणी लागलेलं जनावर शोधण्याचा मनापासून प्रयत्न करणं कायद्यानेच बंधनकारक आहे, तो तुम्ही केलात. न सापडलेलं जनावर तुमच्या हिशेबात धरायचं का, हे अनेक ठिकाणी तुमच्यावर सोडलेलं असतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बहुतेक शिकारवाड्यांवर रक्त निघालं की जनावर सापडो न सापडो, पैसे भरावे लागतात, आणि मला तो नियम रास्त वाटतो. मी तुमच्या जागी असतो तर दुसरा टॅग या हंगामात वापरला नसता. ते हरीण गेलं, असं धरून तो त्याच्या नावावर लावला असता. शेवटचं रक्त दिसलं तिथे अजून चार-पाच दिवस सकाळी जा, कावळे आणि गिधाडं कुठे उतरतात ते बघा, पाण्याच्या कडेने चाला. सापडलं तर जखम नेमकी कुठे होती ते उघडून पाहा आणि वहीत लिहा. आणि धनुष्य घरी ठेवण्याऐवजी रोज सकाळचा तो एक बाण आजपासूनच सुरू करा, २० मीटरवरून.